घराचं मन

टीव्हीवर मुक्ता बेर्डेने आजारी आईला खिंडीतल्या दवाखान्यात ठेवलं आणि ती एकटीच ट्रकमध्ये चढली, तेव्हा जळगावच्या गिरिजा पार्क सोसायटीत गॅलऱ्यांची दारं धडाधड उघडली. मे महिन्यात सूर्य मावळला तरी तिथे कुणी दार उघडत नसे, बाहेर नुसती भट्टी असायची. पण त्या संध्याकाळी लोकांना बोलल्यावाचून राहवेना.

"पाहिलंत ना? सख्ख्या आईला टाकून गेली!" समोरच्या गॅलरीतून नेहेते वहिनी ओरडल्या.

"आणि पट्टी बघितली का तिची? निळीशार!" वरच्या मजल्यावरून सोसायटीचे सेक्रेटरी झोपे काका म्हणाले. "वाईट वाटणं राहिलं बाजूला, बाईसाहेबांना सुटल्यासारखं वाटतंय!"

रेवती भंगाळेने मात्र दार उघडलं नाही. ती आईशेजारी सोफ्यावर बसून टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यातल्या एका आकड्याकडे बघत होती. आकडा होता पन्नास.

'लांब पल्ला' या कार्यक्रमाने त्या वर्षी लोकांना वेड लावलं होतं. जोड्या-जोड्यांनी मंगोलियातून निघायचं आणि काळ्या समुद्रापर्यंत पोचायचं. विमान नाही, फोन नाही, खिशात चहापाण्यापुरते पैसे. मिळेल त्या गाडीला हात करायचा आणि अनोळखी माणसांच्या दारात झोपायला जागा मागायची. दापोलीची मुक्ता आणि तिची आई शरयूताई ही सगळ्यांची लाडकी जोडी होती. शरयूताईंनी किरगिझ मेंढपाळांच्या तंबूत मैद्याच्या का होईना, भाकऱ्या थापून दाखवल्या होत्या. मग एका उंच खिंडीत त्यांना विरळ हवा बाधली. आता यांना खाली न्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. नियम असा होता की दोघींनी खेळ सोडायचा, नाहीतर एकीने दंड सोसून एकटीने पुढे जायचं. "तू जा," शरयूताई नाकातल्या नळीआडून म्हणाल्या. मुक्ताने त्यांच्या पायांवरची रजई सारखी केली आणि ती गेली.

एवढ्यावर कदाचित लोकांनी तिला माफही केलं असतं. घात केला तो पट्टीने.

प्रत्येक स्पर्धकाच्या मनगटावर बोटभर रुंदीची एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली असे. रागाने कान तापतात, भीतीने घाम फुटतो हे कुणालाही ठाऊक असतं. पण भावना बाहेर दिसण्याच्या कितीतरी आधी शरीरात खळबळ सुरू झालेली असते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित बदलतं, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात किंवा सैलावतात, घामातली ताणाची रसायनं कमी-जास्त होतात. यातली एकेकटी खूण फसवी असते. जिना चढल्यानेही नाडी वाढतेच. पण सगळ्या खुणा एकत्र घेतल्या की प्रत्येक भावनेचा ठसा वेगळा उमटतो. लाखो माणसांचे असे ठसे यंत्राला शिकवले होते. राग लाल, भीती पिवळी, अपराधीपणा राखाडी, सुटका निळी. स्पर्धक तोंडाने काहीही बोलो, त्याच्या चेहऱ्याखाली पडद्यावर खरा रंग उमटायचा.

कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. प्रेक्षकांची तोंडी मतं तिला नको होती. लोक मतं विकत, गट करून देत, चारचौघांत एक बोलत आणि मनात दुसरंच ठेवत. म्हणून प्रेक्षकांनाही पट्ट्या वाटल्या. दुसऱ्याचं सुखदुःख बघताना आपल्या शरीरातही त्याची फिकी नक्कल उमटते; ती मोजायची आणि तेच मत धरायचं. याला 'आतलं मत' म्हणत. स्पर्धकाची भावना तुम्हाला किती पटली, याचे शंभरपैकी गुण आणि तुमचा स्वतःचा रंग हे फक्त तुमच्या मनगटावर दिसायचं, तेही दोन-चार क्षण. टीव्हीवर यायची ती घरातल्या सगळ्यांची सरासरी. तिच्यावर लिहिलेलं असायचं, 'तुमच्या घराचं मन'. प्रत्येकाचं मन गुप्त राहील, अशी कंपनीची हमी होती.

पाच माणसांच्या घरात ते राहायचंही. भंगाळ्यांच्या घरात माणसं दोनच होती.

रेवतीच्या मनगटावर नव्वद उमटले होते, निळे. घराचं मन पन्नास. म्हणजे आईचे दहा. हे गणित तिने न ठरवताच केलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की शेजारी बसलेल्या बाईने उभी हयात शाळेत गणित शिकवण्यात घालवली आहे.

"टीव्ही बंद कर," प्रमिलाबाई म्हणाल्या. कंपवाताने त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत असे. तो त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता. "आणि मला आज पोळी एकच."

---

दुसऱ्या दिवसापासून प्रमिलाबाई सगळं स्वतःच करायला लागल्या. ब्लाउजची बटणं लावायला रेवती पुढे झाली तर, "राहू दे, जमतंय," म्हणून पाठ फिरवून उभ्या राहिल्या. बराच वेळ झटापट करून एक बटण चुकीच्या काजात अडकवलं आणि तशाच बाहेर आल्या. दूध तापवताना पातेलं कलंडलं. रेवती फडकं घेऊन धावली, तर त्या ओट्याला धरून म्हणाल्या, "मी पुसेन. तू ऑफिसला जा."

"आई, काय चाललंय तुझं?"

"कुठे काय?"

रेवती ऑफिसला गेली खरी, पण तिचं कशात लक्ष लागेना. ती एका शेतकी कंपनीच्या माती-परीक्षण विभागात होती. मातीचे नमुने यंत्रात ठेवायचे, निघालेले निष्कर्ष वाचायचे, सल्ला लिहायचा. त्या दिवशी तिने एकच नमुना दोनदा तपासला आणि दुसरा तसाच राहिला. फेब्रुवारीत भारंबे सरांनी तिला विचारलं होतं, हिमाचलातल्या स्पितीच्या थंड वाळवंटात सफरचंदाच्या बागांसाठी कंपनी नवं केंद्र काढते आहे, दोन वर्षं जाशील का. तिने जागच्या जागी 'नाही जमणार, सर' म्हणून टाकलं होतं आणि घरी अवाक्षर काढलं नव्हतं. आता दिवसभर तोच विषय डोक्यात घोळत राहिला. आईचे गुण दहाच. रंग कुठला असेल? लालच असणार. आई मुक्तावर चिडली, म्हणजे माझ्यावर चिडली. आणि चिडेल नाही तर काय करेल?

तिने अनेकदा स्वतःला सांगून पाहिलं की यंत्र चुकलं असेल. पण तो क्षण तिला पक्का आठवत होता. ट्रक सुरू झाला, मुक्ताने मागे लाकडी फळीवर बसून डोळे मिटले, आणि इकडे सोफ्यावर रेवतीच्या छातीतून कितीतरी दिवस अडकून राहिलेला श्वास बाहेर पडला. यंत्र चुकलं नव्हतं.

---

उन्हाळ्यात वीज वाचवायची म्हणून सुट्टीच्या संध्याकाळी घरोघरचे एसी बंद ठेवून सगळे सोसायटीच्या हॉलमध्ये बसत. रविवारी तिथे दुसरा विषयच नव्हता. मुक्ताला स्पर्धेत ठेवायचं की काढायचं, यावर बुधवारी देशभर आतलं मत घेणार होते.

"थांबून तिने काय केलं असतं?" तळमजल्यावरचा तेजस बऱ्हाटे म्हणाला. "डॉक्टर होते, नर्स होती."

"थांबली असती, बस," नेहेते वहिनी म्हणाल्या. "आजारी माणसाजवळ थांबण्यालाही काही अर्थ असतो, तेजस. तुला कळेल पुढे."

"आईनेच जा म्हटलं ना पण?"

"आई म्हणणारच! आई कधी थांब म्हणते का?"

"मुलगा असता तर एवढं बोललो असतो का आपण?" कुणीतरी मागून विचारलं.

"मुलगा असता तरी बोललो असतो," झोपे काका म्हणाले. "प्रश्न जाण्याचा नाहीच. गेली तर गेली. पण जाताना मनात जरा तरी राखाडी हवं की नको? थोडीशी तरी टोचणी? ते जाऊ द्या. आपल्या रेवतीला विचारा. हिच्याइतका अधिकार कुणाला आहे? सोन्यासारखी नोकरी सांभाळून आईचं सगळं करते. बोल गं."

सगळ्या माना वळल्या. प्रमिलाबाई खुर्चीत बसून समोर बघत होत्या. रेवतीला वाटलं, आपण गप्प राहिलो तर हॉलमधल्या प्रत्येकाला तो नव्वदचा आकडा कपाळावर दिसेल.

"मी तर असं मनातही आणू शकत नाही," ती म्हणाली. आवाज आपोआप चढला. "आई तिकडे नळ्या लावून पडलीय आणि ही डोळे मिटून निवांत बसते? मला किळस आली त्या मुलीची. अशा बाईला बघायचं तरी का आपण?"

"शाब्बास!" नेहेते वहिनींचे डोळे भरून आले. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. तेजस खाली बघायला लागला.

प्रमिलाबाईंनी काठी शोधली. "मला घरी जायचंय," त्या म्हणाल्या.

---

घरात आल्यावर त्या बसल्या नाहीत. काठी टेकत पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत अशा फिरत राहिल्या.

"किळस आली म्हणालीस," शेवटी त्या म्हणाल्या.

"लोक विचारत होते, आई. काय सांगणार होते मी?"

"काही न सांगताही येतं की. नव्वद होते ना तुझे?"

रेवतीने पट्टीचं मनगट पाठीमागे नेलं.

"मला तुझ्या मनातलं लागलं नाही, रेवा. दोन दिवस अंगाला सवय करून घेतली त्याची. माणूस दमतं, त्याला सुटावंसं वाटतं, यात काय मोठं? मला लागलं ते तुझ्या तोंडातलं. स्वतःची पाठ वाचवायला त्या पोरीला चारचौघांत दगड मारलास."

"आणि तुझं काय?" रेवती उसळली. "तुझे दहा! लाल होते ना? तू चिडलीस तिच्यावर. म्हणजे कोणावर चिडलीस ते काय मला कळत नाही? बटणं लावू देत नाहीस, दूध पुसू देत नाहीस. शिक्षाच देतेयस ना मला?"

प्रमिलाबाई चालता चालता थांबल्या.

"लालच होते," त्या म्हणाल्या. "पण राग त्या पोरीचा नव्हता. मला राग आला त्या शरयूबाईचा."

"शरयूताईंचा? त्यांनी काय केलं?"

"नाकात नळी जाईपर्यंत 'तू जा' म्हणाली नाही, हे केलं. धडधाकट असताना म्हणायचं होतं. उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं होतं. पार मोडून पडल्यावर जा म्हटलं की जाणाऱ्याच्या माथी पाप बसतं, आणि सांगणारीचं नाव होतं." त्यांचा हात आता खूपच हलत होता. त्यांनी तो धरला नाही. "मी तरी कुठे म्हणाले? भारंब्यांची बायको माझी विद्यार्थिनी. स्पितीचं तिने मला तेव्हाच सांगितलं. तू घरी येऊन विचारशील म्हणून वाट बघत बसले. आणि विचारू नयेस म्हणून मनुदेवीला नवसही बोलले."

रेवती भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली. आईचा एवढा राग तिने गेले तीन दिवस आपल्या अंगावर घेतला होता, आणि तो तिच्यावर नव्हताच. त्याच वेळी हेही कळत होतं की तो आईचा स्वतःवरचा होता, आणि ते तिला जास्त जड गेलं.

"तुला जाता यावं, मी दिसायला तरी ठणठणीत दिसावं म्हणून बटणं लावतेय," प्रमिलाबाई म्हणाल्या. "शिक्षा कसली?" मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं. त्या मनगटाकडे बघत राहिल्या. "म्हणजे बुधवारी माझा राग मुक्ताच्या विरोधात धरतील."

"धरतीलच. यंत्राला राग किती ते कळतं. कोणाचा ते नाही कळत."

"मग असे आणखी किती असतील, रेवा?"

---

बुधवारी हॉल गच्च भरला. पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा दाखवणार होते, आणि तो बघताना देशभरच्या मनगटांतून मत गोळा होणार होतं. झोपे काका प्रत्येकाची पट्टी नीट बसली आहे का ते बघत फिरत होते. प्रमिलाबाईंपाशी आले, तर त्यांनी पट्टी काढून मांडीवर ठेवलेली.

"मॅडम, हे काय? लावा ना."

"माझं मत तोंडी घ्या. मुक्ताला राहू द्या."

"तोंडी मोजत नाहीत हो," झोपे काका कासावीस होऊन म्हणाले. "कंपनीचा नियम आहे. आणि आतलं मत एकदम खरं असतं, त्यात खोट नाही."

"खरं असतं, पण अर्धं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मला राग आलाय एवढं पट्टी सांगते. राग कोणावर, हे तिला विचारता येत नाही. ते मलाच सांगावं लागतं, आणि मी सांगायला लागले तर तुम्ही म्हणता तोंडी चालत नाही."

"पण तुम्ही तिची बाजू घेताय? तुम्ही?" नेहेते वहिनी मागे वळल्या. "रविवारी तुमची रेवतीच…"

रेवती उभी राहिली. तिला माहीत होतं की आता बोललेलं परत घेता येणार नाही. उद्यापासून जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी याच बायका तिच्याकडे बघणार होत्या.

"रविवारी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला किळस आली नव्हती. ती ट्रकमध्ये बसली तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. आई माझ्या शेजारी बसली होती, तरी वाटलं."

"अगं, असं बोलू नये," नेहेते वहिनी हळूच म्हणाल्या. "आईसमोर."

"आईला माहीत आहे, वहिनी."

प्रमिलाबाईंनी मान हलवली. मग एका कोपऱ्यातून हरी राणे नावाचे म्हातारे गृहस्थ, ज्यांची बायको सहा वर्षं अंथरुणावर होती आणि जे बैठकीत कधी तोंड उघडत नसत, ते घसा खाकरत म्हणाले, "माझेपण निळे होते." एवढं बोलून त्यांनी रुमालाने चष्मा पुसायला घेतला. दोघा-तिघांनी बाही ओढून मनगट झाकून घेतलं.

तेवढ्यात प्रसंग सुरू झाला. रजई, दार, ट्रक, मिटलेले डोळे. निकाल लगेच आला. देशभर लालच लाल. मुक्ता बाहेर.

तिला तो निर्णय एका पेट्रोल पंपावर सांगितला गेला. ती उझबेक बसची वाट बघत होती. कॅमेऱ्यामागच्या माणसाने सांगितलं, तशी ती पाठीवरची पिशवी उतरवून तिच्यावर बसली. लोक पुढे सरकून तिच्या पट्टीकडे बघायला लागले. पट्टी क्षणभर पांढुरकी राहिली आणि मग हळूहळू निळी झाली.

"आता कसली सुटका?" झोपे काका भांबावून म्हणाले.

"आईकडे जायला मिळणार म्हणून असेल," तेजस म्हणाला.

"छे! एवढ्या लोकांच्या नजरेतून सुटली म्हणून."

"थकली असेल हो बिचारी."

वाद पुन्हा पेटला. मुक्ताने कॅमेऱ्याकडे पाठ केली. रेवती आणि प्रमिलाबाई उठून हळूहळू बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

---

भारंबे सरांनी रेवतीचं बोलणं ऐकून घेतलं आणि हात उडवले. "उशीर केलास. स्पितीला अकोल्याचा माणूस जाऊन रुजूसुद्धा झाला. पुढे जागा निघाली तर बघू." तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घरी येऊन तिने सांगितलं, तर प्रमिलाबाई म्हणाल्या, "मग माझं तरी ठरलेलं होऊ दे."

त्यांचं ठरलेलं म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलपलीकडे निघालेलं कंपवाताच्या रुग्णांचं केंद्र. तिथे व्यायाम घेत, चालणं नव्याने शिकवत. एक महिना राहून बघायचं. रेवतीने दहा कारणं काढली. जेवण पचणार नाही, शेजारी कोण असेल, फोनला रेंज नसेल. प्रमिलाबाईंनी प्रत्येक कारण ऐकून घेतलं आणि बॅग भरली.

"जाते म्हणतेय तर जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "यावेळी मी जातेय, एवढंच."

जूनच्या पहिल्या शनिवारी रेवतीने त्यांना सोडलं. खोली स्वच्छ होती, खिडकीतून डोंगर दिसत होता. शेजारच्या खाटेवरच्या चोपड्याच्या बाईंनी आल्याआल्या पत्ते खेळता येतात का विचारलं. निरोप घेताना रेवतीने आईच्या पायांवरची चादर सारखी करायला हात नेला.

"पुरे आता," प्रमिलाबाई म्हणाल्या. "निघ."

गाडी चालवताना तिला सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं. औषधं दिली होती. चष्मा दिला होता. तरी दोनदा बाजूला थांबून तिने मागची सीट चाचपून पाहिली. केळीच्या बागांतून रस्ता जात होता, ऊन उतरणीला लागलं होतं. फाट्यावर डावीकडे जळगाव लिहिलेलं होतं. तिने वेग कमी केला, मागच्या ट्रकने हॉर्न दिला, आणि ती सरळ पुढे गेली. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. आनंद म्हणावा तर तसं वाटत नव्हतं, वाईट म्हणावं तर तेही नाही. नुसतं छातीत धडधडत होतं.

चहाच्या टपरीपाशी गाडी लावली तेव्हा फोन वाजला.

"इथल्या वरणात मीठच नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. मागे कुणीतरी मोठ्याने हसत होतं. "पोचलीस का घरी?"

"नाही अजून."

"मग आहेस कुठे?"

रेवतीने आजूबाजूला बघितलं. समोर एक अनोळखी नदी होती, पलीकडे मध्य प्रदेशची पाटी.

"माहीत नाही, आई."

पलीकडून पत्ते पिसल्याचा आवाज आला.

"बरं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "घाई करू नकोस."